ठासणीच्या बंदुकीची गोळी आणि मृगया

जुन्या घराण्यांचे संग्रह पाहतांना मोडी रुमाल, ताम्रपट, शिक्के किंवा तलवारीची मूठ संशोधकाच्या नजरेंतून सहसा सुटत नाहीं. शिशाची गोळी मात्र सुटते. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांतील एका घरीं कागदांच्या रुमालांबरोबर एक ठासणीची बंदूक व खारव्याच्या पिशवींत ओंजळभर गोळ्या होत्या. रुमाल अभ्यासकांनीं नेले, बंदूक दिवाणखान्याच्या भिंतीवर चढली आणि गोळ्या भंगारवाल्यास वजनावर दिल्या गेल्या. मोडी दफ्तरांत गेली व शिसें मोडींत गेलें. त्या गोळ्यांपैकीं कांहीं चपट्या होत्या, म्हणजे त्या केव्हां तरी उडालेल्या व कशांत तरी शिरून परत मिळविलेल्या होत्या. त्या घरीं पिढ्यानुपिढ्या सांगितल्या जाणाऱ्या सांबराच्या शिकारीची गोष्ट कितपत खरी, हें सांगूं शकणारा तेवढाच एक साक्षीदार होता. तो वितळून गेला.

असे साक्षीदार अद्याप पुष्कळ घरीं व वस्तुसंग्रहालयांत पडून आहेत. त्यांची भाषा वाचतां यावी म्हणून, ठासणीच्या बंदुकीची गोळी हरणाच्या अंगांत शिरल्यावर काय करते, किती अंतरापर्यंत करते व कां करते, याचा विचार या लेखांत केला आहे.

१. मृग व त्याचें शस्त्र

मृगया या शब्दांतील मृग म्हणजे केवळ हरिण नव्हे. संस्कृतांत तो शब्द वन्य पशूंस सामान्यपणेंही लागतो. कोशकारांनीं मात्र जाती वेगळ्या नोंदल्या आहेत. अमरकोशांत पृषत, शंबर, कृष्णसार, रुरु, एण इत्यादि नांवें एकत्र येतात. त्यांपैकीं पृषत म्हणजे ठिपक्यांचें चितळ, शंबर म्हणजे सांबर व कृष्णसार म्हणजे काळवीट असें सामान्यतः मानतात. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें चितळ, सांबर व भेकर हीं खरीं हरणें. त्यांच्या नरांचीं शिंगें गळून पुन्हां येतात. काळवीट व चिंकारा यांचीं शिंगें गळत नाहींत व त्यांचें कुळ निराळें आहे. बोलण्यांत मात्र हीं सर्व ‘हरिण’ या एकाच नांवाखालीं येतात. गोळीचा विचार करणाऱ्यास हा भेद सोडतां येत नाहीं. काळवीट सुमारें ३० ते ४५ किलो वजनाचें, चितळाचा पूर्ण वाढीचा नर ७० ते ८५ किलोंचा, तर सांबराचा नर २०० किलोंच्याही वर जातो. जी गोळी पहिल्यास पुरून उरते ती तिसऱ्यास अपुरी पडूं शकते.

कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लास या बाराव्या शतकांतील ग्रंथांत मृगयेचें सविस्तर प्रकरण आहे. तेथील शस्त्र धनुष्यबाण. म्हणून सारें कौशल्य जनावराच्या जवळ पोहोंचण्यांत, किंवा त्यास आपल्या जवळ आणण्यांत आहे. बंदूक आल्यावर ही गरज संपली, असें आपण सहज समजतों. ती संपली नाहीं, हेंच पुढील विवेचनाचें तात्पर्य आहे.

२. बार भरण्याची रीत

ठासणीच्या बंदुकींत दारू व गोळी नळीच्या तोंडाकडून घालतात. प्रथम मापानें दारू, मग चिंधींत किंवा बोळ्यावर बसविलेली गोळी, आणि मग गजानें सर्व ठासून घट्ट करणें, असा क्रम. काना नांवाच्या छिद्राशीं रंजक ठेवून तीस तोड्यानें, पुढें चकमकीनें, व एकोणिसाव्या शतकांत तांब्याच्या टोपीनें विस्तव दिला जाई. पेटविण्याच्या या तीन युक्त्यांवरून बंदुकीचा काळ ठरवितात व तें योग्यच आहे. परंतु सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत नळींतून बाहेर पडणारी वस्तु बहुतांशीं तीच राहिली: मऊ शिशाची वाटोळी गोळी.

नळी कशी करीत याचें उत्तम वर्णन ऐने अकबरींत आहे. लोखंडाचा पत्रा तिरकस गुंडाळून, कडेस कड न भिडवितां एकावर एक येईल अशा बेतानें तापवून जोडीत. नळ्या आंतून साफ करण्यासाठीं बैल जुंपून सोळा नळ्या एकदम घासणारें चाक केल्याचाही तेथें उल्लेख आहे. अशी नळी भक्कम असे, पण आंतून गुळगुळीत. गोळी सहज ठासतां यावी म्हणून ती नळीपेक्षां किंचित् लहान ओतावी लागे. त्यामुळें ती नळींत या अंगावर त्या अंगावर आपटत जाई व शेवटीं ज्या बाजूस घासून बाहेर पडे तिच्याप्रमाणें स्वतःभोंवतीं फिरूं लागे. हें अनियमित फिरणेंच गोळीस वाटेवरून ढळवितें, हें बेंजामिन रॉबिन्स यानें अठराव्या शतकांत प्रयोगांनीं दाखविलें. त्याचा तोफशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथ १७४२ सालचा. हा गणितज्ञ पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत हिंदुस्थानांत आला व १७५१ सालीं कडलूरजवळील सेंट डेव्हिडच्या किल्ल्यांत वारला.

या दोषावर उपाय म्हणजे नळीच्या आंत मळसूत्री चर पाडणें. चर असलेल्या नळींत तेलकट चिंधीनें घट्ट बसविलेली गोळी एकाच ठराविक अक्षाभोंवतीं फिरत बाहेर पडते व सरळ जाते. अशा नळीच्या बंदुकीस रायफल म्हणतात. गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम हरणासारख्या लक्ष्यावर पन्नास-साठ पावलांपलीकडे भरंवशाचा राहत नाहीं.

३. वजन व व्यास

गोलाचें वजन व्यासाच्या घनाप्रमाणें वाढतें. व्यास दुप्पट झाला तर वजन आठपट होतें. शुद्ध शिसें पाण्याच्या ११.३४ पट जड असतें, त्यावरून १२.५ मिलिमीटर, म्हणजे सुमारें अर्ध्या इंचाची गोळी जवळजवळ बरोबर एक तोळा भरते. येथें तोळा म्हणजे १८३३ सालीं ठरलेला १८० ग्रेनांचा, ११.६६ ग्रॅमचा धरला आहे. दोन तोळ्यांची गोळी १५.८ मिलिमीटरांची, तीन तोळ्यांची १८ मिलिमीटरांची. इंग्रजी पद्धतींत ‘बारा बोअर’ किंवा ‘चौदा बोअर’ म्हणतात त्याचा अर्थही असाच वजनाचा आहे: त्या नळीच्या मापाच्या बारा किंवा चौदा गोळ्यांचें वजन एक पौंड. चौदा बोअरची गोळी म्हणून ३२.४ ग्रॅमची, पावणेतीन तोळ्यांच्या किंचित् वर, व १७.६ मिलिमीटर व्यासाची येते.

संग्राहकास याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. गोळी चेचली तरी, तिचा तुकडा उडाला नसेल तर, वजन बदलत नाहीं. तिच्या ग्रॅममधील वजनाचें घनमूळ काढून त्यास ५.५२ नें गुणलें असतां मूळचा व्यास मिलिमीटरांत मिळतो. उदाहरणार्थ, २५ ग्रॅमच्या चपट्या गोळीचा मूळ व्यास सुमारें १६.१ मिलिमीटर होता. आंत पोकळी राहिली असेल किंवा कथील मिसळलें असेल तर खरा व्यास याहून थोडा अधिक धरावा. त्याच घरच्या बंदुकीच्या नळीचें तोंड १३ मिलिमीटर असेल, तर ती गोळी त्या बंदुकीची नव्हे हें निर्विवाद.

४. वेग व अंतर

ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथील शस्त्रागारांत जतन केलेल्या जुन्या बंदुका १९८८-८९ सालीं शास्त्रीय रीतीनें उडवून पाहण्यांत आल्या. त्यांत बहुतेक गोळ्यांचा नळीच्या तोंडाशीं वेग सेकंदास ४०० ते ५०० मीटर या घरांत आढळला. हा वेग थोडा नव्हे. वाटोळ्या गोळीचें दुर्बलत्व आरंभीं नसून पुढें आहे. तिचा आकार वारा कापण्यास अयोग्य व लांबीच्या मानानें वजन थोडें. म्हणून हवेचा विरोध तिला फार जाणवतो. अर्ध्या इंचाची गोळी सेकंदास ५५० मीटर वेगानें निघाली, तरी १०० यार्डांवर तिचा वेग ३२० च्या आसपास उरतो. घाताची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें ती तेवढ्यांत एकतृतीयांशावर येते. मोठी गोळी हा वेग जरा सावकाश गमावते, कारण व्यासाबरोबर तिचें वजन घनानें वाढतें, पण वाऱ्यास अडणारा तोंडवळा वर्गानेंच वाढतो. जड जनावरासाठीं मोठ्या तोंडाच्या बंदुकीचा आग्रह धरीत, त्याचें खरें कारण हें आहे.

५. हरणाच्या अंगांत

गोळी लागतांच हरिण जागच्या जागीं कोसळतें, ही कल्पना चित्रांतली आहे. मेंदू किंवा पाठीचा कणा दुखावला तरच तसें होतें. काळजावर किंवा फुफ्फुसांवर बसलेली उत्तम गोळीसुद्धां रक्तस्रावानें व श्वास कोंडून मारते. तेवढ्या अवकाशांत चितळ पन्नास-शंभर पावलें सहज पळतें. बाणानें होणारी जखम कापल्याची, गोळीनें होणारी चेंगरल्याची. परंतु दोहोंत मरण येतें तें रक्त गेल्यानें.

येथें शिशाचा मऊपणा महत्त्वाचा ठरतो. जवळून, वेगानें आलेली मऊ गोळी मांसांत शिरतांच पुढून दबते व अळंबीच्या छत्रीसारखी पसरते. तिची रुंदी वाढली कीं जखमेची वाट रुंद होते, रक्त अधिक जातें, आणि गोळीचा वेग आंतच संपतो. ती पुष्कळदां पलीकडच्या कातडीखालीं अडकून राहते. कातडें सोलतांना ती हातीं येई आणि पुन्हां ओतण्यासाठीं पिशवींत जाई. चपट्या गोळ्या घरांत कां सांपडतात याचें साधें उत्तर हेंच असावें. दुरून, मंदावून आलेली गोळी मात्र पसरत नाहीं. ती जवळजवळ वाटोळीच राहते व आपल्या व्यासाएवढेंच भोंक पाडते. अशी गोळी काळवीटास पुरते. सांबराच्या फऱ्याच्या हाडावर ती अडली, तर जनावर जखम घेऊन रानांत जातें व शिकाऱ्याच्या हातीं न लागतां दोन दिवसांनीं मरतें.

हत्ती व गवा यांच्यासाठीं शिशांत कथील किंवा पारा मिसळून गोळी मुद्दाम कठीण करीत, कारण तेथें पसरण्यापेक्षां खोल जाणें अगत्याचें. हरणासाठीं शुद्ध शिसेंच योग्य मानीत. तेव्हां गोळीची धातूही तिचें लक्ष्य सुचविते.

६. फॉर्साइथ याचा पक्ष

या सर्व मुद्द्यांचा कस एका वादांत लागला व त्याची भूमि आपल्या शेजारचीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील मिनिए याच्या कल्पनेवरून लांबट, टोंकदार, बुडाशीं पोकळ अशी गोळी प्रचारांत आली. १८५३ सालच्या एनफील्ड रायफलींत तीच होती, आणि तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांचा १८५७ च्या उठावाशीं असलेला संबंध सर्वश्रुत आहे. लांबट गोळी वजनाच्या मानानें वारा चांगला कापते व दूरवर मारा करते. म्हणून सैन्यास ती सोईची. रानांतील मृगयेसही तीच श्रेष्ठ, असा समज मग पसरला.

कॅप्टन जेम्स फॉर्साइथ यानें याविरुद्ध लेखणी उचलली. १८६१ सालीं नागपूर राजधानी करून मध्यप्रांत निर्माण झाला, त्या प्रांतांत हा अधिकारी होता. पंचमढीच्या डोंगराळ मुलुखाची पाहणी त्यानें केली, पुढें निमाड जिल्ह्याचा कारभार पाहिला, व १८७१ सालीं तो वारला. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचें पुस्तक त्याच सालचें. शिकारीची रायफल व तिच्या गोळ्या यांवरील पुस्तक १८६३ सालचें.

त्याचा मुख्य मुद्दा गोळीच्या मार्गाच्या कमानीविषयीं होता. तो आंकड्यांनीं असा मांडतां येईल. एनफील्डची गोळी सेकंदास सुमारें ३०० मीटर वेगानें निघते. १०० मीटर जाण्यास तिला सेकंदाचा एकतृतीयांशाहून किंचित् अधिक काळ लागतो व तेवढ्यांत ती सरळ रेषेखालीं सुमारें ५८ सेंटिमीटर उतरते. भरपूर दारूवर ५०० मीटर वेगानें निघालेली मोठी वाटोळी गोळी वाटेंत वेग गमावूनही तें अंतर पाव सेकंदांत तोडते व सुमारें ३० सेंटिमीटरच उतरते. चितळाच्या छातींतील मर्माची जागा एक वीतभर. कवायतीच्या मैदानावर अंतर मोजलेलें असतें. सागाच्या रानांत झाडांआड उभ्या असलेल्या चितळाचें अंतर डोळ्यानेंच अजमावावें लागतें. त्या अजमासांत पंचवीस मीटरांची चूक झाली, तर संथ गोळी मर्म सोडून पायावर किंवा पोटावर बसते. वेगवान गोळीस ती चूक बरीचशी खपते. मृगया बहुधा शंभर-सव्वाशें पावलांच्या आंत होते. तेवढ्या अंतरांत लांबट गोळीच्या दूरच्या गुणांचा उपयोगच नाहीं.

अडचण एवढीच कीं, चर जलद वळणाचे असतील तर भरपूर दारूच्या झपाट्यानें मऊ गोळी ते चर न धरतां सरळ घसरून जाते. त्यावर फॉर्साइथ यानें मंद वळण सुचविलें: चौदा बोअरच्या नळीस ८ फूट ८ इंचांत एक फेरा. वाटोळ्या गोळीस स्थिर राहण्यास एवढें फिरणें पुरतें; लांबट गोळीस पुरत नाहीं. म्हणून नळींतील चरांचें वळण पाहून ती कोणत्या गोळीसाठीं केली हें आजही ओळखतां येतें. लंडनच्या पर्डी यानें १८५६ सालीं दुसऱ्या मार्गानें, हलकी लांबट गोळी व जास्त दारू योजून, हाच वेग साधला. त्या बंदुकीस त्यानें आगगाडीवरून नांव दिलें व त्यावरून पुढें ‘एक्स्प्रेस’ ही संज्ञा रूढ झाली. बुडाकडून भरावयाच्या बंदुका आल्यावर हा वाद मावळला. परंतु त्याचें सार शिल्लक आहे. गोळीचा गुण तिच्या एकटीचा नसतो. तो अंतर, वेग, धातु व जनावर या चौघांच्या मेळाचा असतो.

७. वृत्तांतांचें व वस्तूंचें वाचन

यावरून जुन्या शिकारवृत्तांतांस कांहीं प्रश्न विचारतां येतात. जहांगीर बादशाहाच्या आत्मवृत्तांत, वयाच्या १२ व्या वर्षापासून ५० व्या वर्षापर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ जनावरें मारलीं गेलीं व त्यांपैकीं १७,१६७ त्यानें स्वतः मारलीं, अशी मोजदाद आहे. ही संख्या किती मोठी यावर आपण थबकतों. पण प्रत्येक जनावर किती अंतरावर होतें व गोळी लागल्यावर किती पळालें, हें त्या बेरजेंत येत नाहीं. एखाद्या घराण्याच्या बखरींत मूळ पुरुषानें तोड्याच्या बंदुकीनें दोनशें पावलांवर सांबर जागींच लोळविलें असें असेल, तर तेथें गोळी रेषेखालीं मीटराहून अधिक उतरलेली, निम्म्याहून अधिक शक्ति गमावलेली व नळी गुळगुळीत असल्यास बरीच ढळलेली असणार. असा प्रसंग अशक्य नव्हे; परंतु तो दैवाचा, नेमाचा नव्हे. उलट जो वृत्तांत चाळीस पावलांपर्यंत सरपटत जाणें, बार झाल्यावर धुराआड जनावर दिसेनासें होणें व रक्ताच्या मागानें तें शोधणें सांगतो, तो कमी शूर दिसला तरी अधिक विश्वासार्ह होय.

वस्तु पाहतांना पुढील खुणा लक्षांत घ्याव्या. ओतल्या ठिकाणचा देंठ व सांच्याच्या दोन अर्धांची शिवण स्पष्ट असेल, तर गोळी बहुधा उडालेलीच नाहीं. अंगावर कापडाच्या विणीची पुसट जाळी असेल, तर ती चिंधीसह घट्ट ठासलेली होती. एका बाजूनें सारखी पसरलेली गोळी मऊ पदार्थांत वेगानें शिरलेली. वेडीवांकडी चेचलेली हाडावर, लांकडावर किंवा दगडावर आदळलेली. दगडाचे कण रुतले असतील, तर तिला शिकारीचा पुरावा मानूं नये. चपटेपणा एकटा जनावर सिद्ध करीत नाहीं. वजन, नळीचें माप व कागद या तिघांची साक्ष जुळली तरच निष्कर्ष काढावा.

८. सावधगिरी

भिंतीवरच्या ठासणीच्या बंदुकींत शंभर-दीडशें वर्षांपूर्वींचा बार अद्याप भरलेला असूं शकतो, व कोरडी राहिलेली काळी दारू इतक्या काळानेंही पेट घेते. लांकडी काठी हलकेच नळींत सोडून तिच्यावर तोंडाशीं खूण करावी व ती बाहेरून नळीवर धरून पाहावी. टोंक कान्यापर्यंत न पोहोंचतां अलीकडेच अडत असेल, तर आंत बार आहे असें समजून ती बंदूक जाणत्या शस्त्रकाराच्या स्वाधीन करावी. लोखंडी गजानें उकरूं नये व नळी तापवूं नये. गोळ्या कच्च्या लांकडाच्या कपाटांत ठेवूं नयेत. त्या लांकडाच्या आम्ल वाफेनें शिशावर पांढरी भुकटी चढते, ती विषारी असते व गोळीवरील खुणा खाते. हाताळल्यावर हात धुवावे. गोळी हरणावर कशी चालते हें प्रत्यक्ष पाहण्याचें कारण आतां उरलें नाहीं. वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें द्वार बंद झालें आहे व तें बंदच असावें. म्हणूनच उरलेल्या गोळ्यांची साक्ष अधिक मोलाची.

शेवटीं एक स्वतःची चूक नोंदवितों. शिक्षक असतांना वर्गांत दाखविण्यासाठीं मिळालेली एक चपटी गोळी मुलांस नीट दिसावी म्हणून मीं चिंचेच्या पाण्यानें घासून लख्ख केली. तिच्या मागच्या अंगावर बारीक जाळी होती. ती मळ समजून मीं पुसली. पुढें कळलें कीं ती चिंधीची वीण होती, म्हणजे कोणी तरी ती गोळी काळजीनें, घट्ट, नेम धरून ठासली होती, एवढें सांगणारी एकमेव खूण. कागदावरील डाग खरवडूं नये हें आपण सर्व जाणतों. शिशावरील डागासही तोच नियम लावावा, एवढीच संग्राहकांस विनंती. इत्यलम्.